प्रोफेसर केळफा

१९०१ साल संपत आलं असताना जादूचे खेळ करणाऱ्यांच्या गर्दीत एक नवं नाव दाखल झालं : प्रोफेसर केळफा. नाव ऐकून हा कुणी परमुलखातला माणूस असावा असं प्रेक्षकांना वाटलं, तर ते केळफांना हवंच असणार. आडनावाची तीन अक्षरं उलट्या क्रमाने मांडली होती, इतकंच. सरळ वाचलं तर फाळके. धुंडिराज गोविंद फाळके, वय एकतीस, मूळ गाव त्र्यंबकेश्वर. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं हा मात्र प्रश्नच होता. तोवर चित्रकार, छायाचित्रकार, ठसे करणारा आणि नाटकांचे पडदे रंगवणारा एवढं करून झालं होतं.

त्या काळी प्रोफेसर व्हायला कॉलेजात शिकवावं लागत नसे. सर्कशीचा मालक प्रोफेसर, छातीवरून हत्ती चालवणारे राममूर्ती प्रोफेसर, बडोद्यात आखाडा चालवणारे माणिकराव प्रोफेसर. जादूगारांत तर ही पदवी सर्रास होती. इंग्लंडमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ हे १८७६ सालचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे प्रोफेसर हॉफमन प्रत्यक्षात अँजेलो लुईस नावाचे वकील होते. रंगमंचावर भूत उभं करणारे प्रोफेसर पेपर मात्र लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये खरोखरच विज्ञानाची व्याख्यानं देत. पाहिलेला चमत्कार थोतांड नसून शास्त्र आहे, असा भरवसा या पदवीतून प्रेक्षकाला मिळे. गंमत अशी की केळफांच्या घरात अस्सल प्राध्यापकी होती. वडील दाजीशास्त्री फाळके मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवत. आणि १९०१ च्या ज्या अखेरीस हे नाटकी प्रोफेसर उभे राहत होते, त्याच डिसेंबरात सावेदादा भाटवडेकरांचा कॅमेरा मुंबईत एका खऱ्या विद्वानावर रोखला गेला होता. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परतलेले रघुनाथ परांजपे, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनचे प्राचार्य, बोटीतून उतरले आणि ते स्वागत सावेदादांनी टिपलं. आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या चित्रफितींपैकी ही एक, आणि तिचा नायक गणिताचा प्राध्यापक.

फाळक्यांचं शिक्षण कागदावर नीटनेटकं दिसतं. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८९० मध्ये बडोद्याचं कलाभवन. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेली ही संस्था त्या काळात विलक्षणच म्हणायची. हाताचं काम आणि शास्त्र तिथे एका छपराखाली शिकवलं जाई. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरचना, छायाचित्रण, ठसे, तीनरंगी छपाई, यातलं फाळक्यांनी काही सोडलं नाही. आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून १८९२ च्या अहमदाबाद प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं. गज्जरांनी त्यांना रतलामला धाडून तीनरंगी ठशांचं काम शिकवून आणलं आणि पुढे कलाभवनाची प्रयोगशाळाही वापरू दिली. फाळके जन्मभर ज्या पद्धतीने काम करत राहिले ती इथली आहे : आधी यंत्र उघडून पाहायचं, मग त्यातून चित्र काढायचं.

विद्या भरपूर आणि पैसा नाही, अशी मात्र स्थिती होती. १८९५ मध्ये गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवलं. प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. बडोद्याला परत येऊन स्टुडिओ थाटला, तर गावात बोलवा उठली की हे यंत्र माणसातली शक्ती शोषून घेतं, फोटो काढला की आयुष्य घटतं. धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं आलं, त्यातून लहानसहान भूमिका आल्या. याच दिवसांत बडोद्याला दौऱ्यावर आलेला एक जर्मन जादूगार त्यांना भेटला आणि फाळके त्याच्याकडे हातचलाखी शिकले. कॅमेऱ्याच्या खऱ्या करामतीला लोक भुताटकी समजून पळत होते. तेच लोक जादूच्या खोट्या भुताटकीला पैसे मोजून येत होते. फाळक्यांनी बाजू बदलली, एवढंच.

रंगमंचावरच्या जादूचं तंत्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट कायमची कळते. प्रेक्षकाची नजर कुठे जाणार हे आपण ठरवायचं आणि काम दुसरीकडे उरकायचं. मागे काळी मखमल असली की काळ्या कपड्यातला मदतनीस दिसत नाही, फक्त हवेत तरंगणारा गडवा दिसतो. हे ज्ञान जादूगार प्राणापलीकडे जपतो. शिकवण्याचा पिंड असलेल्या माणसाची नेमकी उलट अडचण असते. समोरच्याचा आ वासलेला पाहून त्याला राहवत नाही, कसं केलं ते सांगून टाकावंसं वाटतं. फाळक्यांच्या अंगात हे दोघेही होते आणि मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली इथे दिसते. आपण त्यांना भारतीय सिनेमाचे ‘जनक’ म्हणून हार घालतो. त्यांच्यातला हा खटपट्या, चमत्कार दाखवून लगेच त्याची फोड करणारा मास्तर त्या हाराखाली झाकला गेला आहे.

मधली दहा वर्षं भराभर सांगण्याजोगी आहेत. १९०२ मध्ये दुसरं लग्न, पत्नी सरस्वतीबाई, माहेरच्या करंदीकर. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक. १९०६ मध्ये नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना, तिथे रविवर्मा प्रेसची कामं. मग मुंबई, भागीदारी, १९०९ मध्ये यंत्रांसाठी जर्मनीची वारी, भागीदारांशी मतभेद आणि चालता छापखाना सोडून घरी बसणं. केळफांचे खेळ धंदा म्हणून फार चालले नाहीत. हात मात्र सराईत झाले होते.

१९११ मधल्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि फाळक्यांना कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती, हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत लिहून ठेवलं. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात सहसा न येणारा भाग असा की पाहणारा माणूस जादूगार होता. फ्रान्समध्ये असंच घडलं होतं. जॉर्ज मेलिएस हा पॅरिसच्या रोबेर-उदँ या जादूच्या थिएटरचा मालक. १८९५ च्या डिसेंबरात त्याने ल्युमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ पाहिला आणि कॅमेऱ्यामागे लागला. साधा भाविक प्रेक्षक ख्रिस्ताला पाहून हात जोडतो. जादूगार हात जोडतो आणि मनात विचारतो, हा माणूस पाण्यावर चालला कसा?

उत्तर शोधण्यासाठी फाळक्यांनी सिनेमे पाहण्याचा सपाटा लावला, इतका की डोळे गेल्यासारखे झाले आणि डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी यशवंतराव नाडकर्णींकडे गहाण पडल्या. १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोट पकडून ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्त केलं आणि मग सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेऊन सगळं दाखवलं. एप्रिलच्या आरंभी फाळके विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले होते.

या वारीच्या आगेमागे त्यांनी केलेली मिनिटभराची एक फीत मला त्यांच्या पहिल्या कथापटापेक्षा, ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षाही, बोलकी वाटते. कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर पक्का बसवला, तसूभर हलायचा नाही असा. मग महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. माती फुगली, कोंब वर आला, वाकडा होऊन सरळ झाला, पानं फुटली, वेल चढला. पडद्यावर हे सारं पाहता पाहता घडलं. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही फीत ओळखली जाते आणि पैसे लावू शकणाऱ्या माणसांना ती घरी बोलावून दाखवली गेली. आता आपल्याकडच्या गारुड्याचा सर्वांत जुना खेळ आठवा. आंब्याची कोय मातीत पुरायची, वर फडकं टाकायचं, डमरू वाजवायचा, फडकं काढलं की रोप; पुन्हा फडकं, की झाड. फाळक्यांनी आंब्याचा खेळच केला, फक्त फडकं काढून टाकलं. लबाडी कुठेच नव्हती. झाड खरंच वाढलं होतं, फसवणूक झाली होती ती वेळेची. जादूगाराचा हात आणि वनस्पतिशास्त्राचा तास एका मिनिटात बसले होते. सावकारांनी पाकीट सैल केलं यात नवल नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मेपासून गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. दादरच्या बंगल्यात तो तयार होत असताना कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंत, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहण्यापासून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत सरस्वतीबाई होत्या. त्यांना कुणी प्रोफेसर म्हटलं नाही. चित्रपटात विश्वामित्राच्या यज्ञकुंडात तीन शक्ती प्रकट होतात. ती युक्ती समजायला सोपी आहे. हँडल फिरवणं थांबवायचं, बाकीच्यांनी जागच्या जागी दगड होऊन राहायचं, मधल्या वेळात नव्या माणसाला आणून उभं करायचं आणि पुन्हा हँडल फिरवायचं. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. दुहेरी चित्रण असेल तर फिल्म उलटी गुंडाळून तेवढेच फेरे मोजून आणावी लागे. एक आकडा चुकला की देव राजाच्या डोक्यावर उभा. इथे भक्तीपेक्षा पाढे पाठ असणं महत्त्वाचं होतं.

जाहिरातीत मात्र केळफा जागे होत. सुरतेला सहा-सहा तासांच्या नाटकांना सरावलेले लोक दीड तासाच्या खेळाला येईनात. तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सारं तीन आण्यांत, अशी जाहिरात झाली. हिशोब करून पाहावा. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. फुटात सोळा चित्रं धरली तर एकोणसाठ हजार दोनशे होतात, म्हणजे छायाचित्रांचा आकडा प्रामाणिक, उलट थोडा कमीच. लांबी मात्र पाऊण मैलही भरत नाही. चित्रांची संख्या प्राध्यापकाने मोजली आणि मैल जादूगाराने.

पुण्याशी त्यांचा खरा व्यवहार सुरू झाला तो मंडईत. गंगाधरपंत पाठकांनी तिथे १९१५ मध्ये ‘आर्यन’ हे कायमचं चित्रपटगृह काढलं. तोवर पुण्यात सिनेमा तंबूत नाहीतर नाटकगृहात पाहावा लागे. फाळके एव्हाना नाशिकला गेले होते, महायुद्धामुळे कच्ची फिल्म दुर्मिळ आणि महाग झाली होती, कर्ज डोक्यावर होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ फीत नष्ट झाल्यावर त्यांनी तो पुन्हा, जरा आटोपशीर केला. ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ नावाचा हा दुसरा अवतार एप्रिल १९१७ मध्ये आर्यनला लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथेच ‘लंकादहन’ झळकला, आणि मंडईने आजवर न पाहिलेली गर्दी पाहिली. आर्यनचं दार मोडायची वेळ आली होती अशी आठवण जुने लोक सांगत. मद्रासला गल्ल्याची नाणी पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, अशीही गोष्ट आहे.

एवढं काय होतं त्यात? मारुती उडत होता. आकाशात लहान लहान होत ठिपका होत होता. शेपटीने लंका पेटत होती. आणि अण्णा साळुंके हा एकच गडी राम होता आणि सीताही. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून नमस्कार करत. मारुतीचं उड्डाण कीर्तनकाराच्या वर्णनात आणि रविवर्म्याच्या तसबिरीत लोकांनी पाहिलंच होतं. पण तसबीर हलत नाही, आणि कीर्तनकाराचा मारुती ज्याच्या त्याच्या मनातला. इथे सबंध आर्यनने एकच मारुती एकाच क्षणी उडताना पाहिला. बडोद्यात ज्या यंत्राला लोक भ्याले, त्याच यंत्रासमोर आता ते हात जोडून उभे होते. फाळक्यांना याची मौज वाटली असेल की कधी भीतीही, हे ते कुठे उघड करत नाहीत. पण त्याच सुमाराला त्यांनी एक असं काम केलं, जे जातिवंत जादूगार करणार नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारी फीत त्यांनी काढली. तिच्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना सांगतात, फिल्मची पट्टी उजेडात धरून निरखतात. कारखान्याचं दार त्यांनी आपल्या हाताने उघडून दिलं होतं. आगकाड्यांना नाचवणारी एक फीत आली, आणि प्रोफेसर केळफांचे खेळही फिल्मवर उतरले.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा आरंभ पाहण्यासारखा आहे. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर फाळक्यांची सातेक वर्षांची मुलगी मंदाकिनी येते आणि नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते. एका लहान मुलीचा मुद्राभिनयाचा अभ्यास, अशा अर्थाची पाटीही आहे. म्हणजे आधी वर्ग भरला, हजेरी झाली, प्रात्यक्षिक झालं. त्यानंतर तीच पोर बाळकृष्ण होऊन डोहात उडी घेते आणि नागाच्या फण्यावर नाचते. हा कृष्ण आपली मुलगी आहे हे आधी सांगून मग त्याला नमस्कार करायला लावणं, यात केवढा आत्मविश्वास आहे! आणि लोकांनी नमस्कार केलाच.

१ जानेवारी १९१८ रोजी उभी राहिलेली हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी भागीदारांच्या पैशावर चालत होती. भागीदार खर्चाचा हिशोब मागत आणि फाळक्यांना तो देणं आवडत नसे. दोष एकाच बाजूचा होता असं म्हणवत नाही. ते रुसून काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचं लांबलचक नाटक लिहिलं. अच्युतराव कोल्हटकरांच्या ‘संदेश’ वृत्तपत्राने त्यांना परत येण्याविषयी छेडलं, तेव्हा सिनेमापुरता मी मेलो आहे अशा अर्थाचं उत्तर गेलं आणि कोल्हटकरांनी ते फाळक्यांच्या मृत्यूचा ठसठशीत मथळा देऊन छापलं. हा मथळा लिहिणारा माणूसही छोटा जादूगार नव्हता. ‘रंगभूमी’ १९२२ मध्ये मुंबईला आणि पुण्यात आर्यनमध्ये रविवारी सकाळी होऊ लागलं. ज्या जागी मारुती उडाला होता, तिथे आता नाट्यव्यवसायावरचं टीकानाट्य चाललं होतं. पुणेकरांनी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, फारशी दाद दिली नाही. पैसे संपले आणि फाळके पगारी नोकर म्हणून जुन्या कंपनीत परतले.

रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालची सरकारी चित्रपट चौकशी समिती १९२७-२८ मध्ये साक्षी घेत फिरत होती. फाळक्यांनी तिच्यापुढे मांडलेल्या गोष्टींत एक मागणी होती : देशात कुठेतरी चित्रपटाची शाळा काढा, तिथे छायाचित्रण, अभिनय, कथालेखन शिकवा. कलाभवनाचा विद्यार्थीच हे मागू शकत होता. मागणी फायलीत गेली. बोलपट आला, ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज चिकटवावा लागला, १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ झाला आणि काम थांबलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. शाळा निघायला १९६० साल उजाडलं. ती फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून पुण्यात निघाली, प्रभात कंपनीच्या आवारात, आणि चारच वर्षांनी शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं.

पुण्यात जादूगार म्हटलं की जुन्या पिढीला केळफा नव्हे, रघुवीर आठवतात. रघुनाथ भोपळे हे त्यांचं नाव. देशोदेशी खेळ करून आलेला हा गृहस्थ स्वतःचे अनुभव ‘प्रवासी जादूगार’ म्हणून लिहून गेला आणि मुलगा विजय, नातू जितेंद्र यांनी घरातली विद्या चालू ठेवली. त्यांच्यावर स्वतंत्र लेखच हवा. इथे उल्लेख एवढ्यासाठी की केळफांना अशी वंशावळ नाही. त्यांची विद्या सिनेमाच्या पोटात विरघळून गेली आणि जादूगारांच्या यादीत त्यांचं नाव शोधावं लागतं. परेश मोकाशींनी २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त सुरुवातीलाच फाळक्यांना जादूचे खेळ करताना दाखवलं, तेव्हा कित्येकांना ती दिग्दर्शकाने जोडलेली गंमत वाटली.

संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या फितींचे उरलेसुरले तुकडे गोळा केले, फाळके कुटुंबीयांकडूनही मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’चे चारपैकी दोनच रिळं हाती आली, पहिलं आणि शेवटचं. जुनी नायट्रेट फिल्म ठिणगीची वाटच पाहत असते. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि फाळके, प्रभात यांच्या कित्येक मूळ प्रती गेल्या. सुरक्षित फिल्मवर आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून चित्रं वाचली. त्या दोन रिळांवरून अभ्यासकांत आजही वाद आहे. वर्षानुवर्षं १९१३ चा पहिला भारतीय कथापट म्हणून जे दाखवलं जातं, ते १९१७ च्या पुनरावृत्तीचं असावं, असा वीरचंद धरमसींसारख्या संशोधकांचा दावा आहे. तो खरा धरला, तर संग्रहालयात आहे ते कोरोनेशनमध्ये मुंबईने पाहिलेलं चित्र नव्हे, तर मंडईत आर्यनला लागलेलं. आर्यन १९८३ मध्ये पाडलं गेलं. त्या जागी वाहनतळ झाला आणि पुणेकर त्याला अजून आर्यन पार्किंगच म्हणतात.